भाड, सातू आणि ग्रॅनोला : भाजलेल्या न्याहारीचा धांडोळा

मंडळी, सुरुवातीलाच माझं एक वाक्य मागे घेतो. आपल्या मंडळाच्या बैठकीत मी ‘माळव्यातलं मराठी स्वयंपाकघर’ या विषयावर बोललो होतो. बोलण्याच्या भरात म्हणून गेलो, “हल्ली बाजारात चारपाचशे रुपये किलोनं मिळतो तो ग्रॅनोला म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, आपला सातूच. बाजीरावाचे स्वार भोपाळच्या वेढ्यात तेच खात होते.” टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी एक निवृत्त शिक्षक जवळ आले आणि हळूच म्हणाले, “पुरावा काय?” मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. तीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला ‘रीडिंग घेतलंय का?’ या प्रश्नाची सवय असते, आणि मी रीडिंग न घेताच आकडा लिहिला होता.

म्हणून हा लेख. त्यातला अर्धा भाग इतिहासाचा आहे आणि अर्धा माझ्या स्वयंपाकघरातला. दोन्ही वेगळे काढता येतील असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही.

विषय घरात शिरला तो माझ्या रक्ताच्या तपासणीमुळे. साखर काठावर, कोलेस्टेरॉल काठापलीकडे. डॉक्टरांनी विचारलं, “सकाळी काय खाता?” भोपाळात राहणारा माणूस काय सांगणार? पोहे, त्यावर मूठभर शेव, आणि रविवारी जिलबी. ते म्हणाले, ओट्स वगैरे बघा. बायकोनं दुकानातून एक रंगीत डबा आणला. मी सवयीनं चष्मा लावून मागचा तक्ता वाचला. घटकांच्या यादीत साखर दुसऱ्या क्रमांकावर होती, मध शेवटून तिसरा, आणि डब्यावरचं चित्र मात्र मधाच्या पोळ्याचं. तेव्हा ठरवलं की हे घरीच करायचं.

पहिल्याच रविवारी ओव्हनमधून वास सुटला तशी आतल्या खोलीतून आई आली. वय ८२. दारात उभी राहिली, वास घेतला आणि म्हणाली, “सातू भाजतोयस का रे?” बैठकीतलं ते वाक्य मला इथूनच सुचलं होतं. आईच्या नाकावर माझा विश्वास आहे, पण नाक म्हणजे काही साधन-ग्रंथ नव्हे.

ग्रॅनोला आला कुठून

आधी त्या परक्या पाहुण्याची कुळकथा सांगून टाकतो, कारण ती छोटी आणि मजेदार आहे. १८६३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन नावाचे गृहस्थ जलोपचाराचं आरोग्यधाम चालवत होते. त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या पातळ लाद्या भाजल्या, त्या फोडल्या, पुन्हा भाजल्या आणि पुन्हा बारीक केल्या. नाव ठेवलं ग्रॅन्युला. हा पदार्थ इतका टणक होता की रात्रभर दुधात भिजत घातल्याशिवाय दात लावायची सोय नव्हती. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी गहू, ओट आणि मक्याचं पीठ घेऊन तसाच पदार्थ केला आणि नावही तेच ठेवलं. जॅक्सन कायद्याचा बडगा घेऊन उभे राहिले, तेव्हा १८८१ च्या सुमारास केलॉगनी एक अक्षर बदलून ‘ग्रॅनोला’ केलं. म्हणजे नाव जन्मलं ते नावाच्या भांडणातून. गव्हाचे फ्लेक्स १८९४ मध्ये जमले, आणि मक्याच्या फ्लेक्सची कंपनी त्यांच्या धाकट्या भावानं, विल केलॉगनं, १९०६ मध्ये काढली. पुढे दोघा भावांचंही फाटलं.

आज आपण ज्याला ग्रॅनोला म्हणतो, म्हणजे चपटे ओट्स, मध, तेल, बदाम-अक्रोड एकत्र भाजलेले, तो यातला नव्हेच. तो अमेरिकेतल्या १९६० च्या दशकातल्या लांब केसांच्या पोरांचा. १९६९ च्या वुडस्टॉकच्या संगीत-जत्रेत लाखोंच्या गर्दीला तो वाटला गेला आणि नाव पुन्हा वर आलं. म्हणजे जुन्या नावाखाली नवा पदार्थ. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आपल्या सातूच्या बाबतीतही नेमकं हेच झालेलं आहे.

जळालेले दाणे

आता आपल्याकडे. अवधपुरीहून गाडी काढली की तासाभराच्या आसपास भीमबेटका येतं. १९५७ साली आगगाडीच्या खिडकीतून त्या खडकांचे आकार पाहून विष्णु श्रीधर वाकणकर उतरले आणि पायी चढून गेले. नीमचमध्ये जन्मलेला हा मराठी माणूस, पुढे उज्जैनचा झाला. २००३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागल्यावर पर्यटक चित्रं बघायला जातात. मी मात्र दर वेळी दळायच्या दगडांचा विचार करतो, जे तिथल्या मध्याश्मयुगीन थरांत सापडले आहेत. शेती सुरू व्हायच्या आधीची माणसं रानातली बी-बियाणं वाटून खात होती.

त्यानंतरचा टप्पा नर्मदेकाठी, महेश्वरच्या समोर, नावडातोलीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी आणि बडोद्याच्या विद्यापीठानं मिळून १९५२-५३ मध्ये आणि मग १९५७ ते १९५९ मध्ये इथे उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत जळून कोळसा झालेलं धान्य मिळालं. खालच्या थरात गहू, त्यानंतर तांदूळ. शिवाय मसूर, मूग, उडीद, वाटाणा, लाख, जवस. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, हे तर आमच्या आईच्या मेतकुटाचं सामान आहे!

आणि इथेच मी घसरलो. जळालेलं धान्य म्हणजे भाजलेलं धान्य, असा सरळ हिशोब मी बैठकीत मांडला होता. पण धान्याचा कोळसा होतो तो घराला आग लागली, साठवणीची कणगी पेटली, चुलीत दाणे सांडले म्हणून. खाण्यासाठी भाजलेला दाणा कोणी कोळसा होईपर्यंत ठेवत नाही आणि भाजून खाल्लेला दाणा उत्खननात सापडत नाही. दाण्यांवरून माणसं काय पिकवत होती ते कळतं. ती ते कसं खात होती ते सांगायला दुसरा साक्षीदार लागतो.

तो साक्षीदार भाषा. ऋग्वेदात ‘धाना’ येतात, म्हणजे भाजलेले जव. ‘सक्तु’ येतो, तोही चाळणीतून चाळून घेतलेला. आणि पूषन् या देवासाठी ‘करंभ’ येतो, म्हणजे असंच पीठ दह्यातुपात कालवून. लाजा म्हणजे लाह्या तर आजही आपल्या प्रत्येक लग्नात आहेत. लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, तेव्हा फोटोग्राफर त्याला तीनदा तेच करायला लावतो. चरकसंहितेत आजाऱ्यासाठी लाह्यांची पेज आहे. तर भाजून ठेवायचं आणि लागेल तेव्हा पाण्यात, दह्यात, दुधात कालवून खायचं, ही रीत आपल्याकडे जुनी आहे, यात शंका नाही. ग्रॅनोला तिचा वंशज आहे का? अजिबात नाही. डॅन्सव्हिलच्या डॉक्टरांना सक्तूचं नावही ठाऊक असायचं कारण नव्हतं. एकच अडचण दोन ठिकाणी आली आणि दोन ठिकाणी सारखं उत्तर निघालं, एवढंच.

अडचण कोणती, ते मी अभियंता म्हणून सांगू शकतो. कच्चा दाणा चिवट असतो. त्यात दहा-बारा टक्के पाणी असतं. तो भाजला की पाणी दोन-चार टक्क्यांवर येतं, दाणा ठिसूळ होतो आणि पाट्यावरही चटकन फुटतो. फिरतं जातं यायच्या आधी, नुसत्या दगडावर रगडून पीठ करणाऱ्या बाईसाठी हा केवढा फरक असेल! जवाची चिकटलेली टरफलं सुटायला मदत होते, किडे मरतात, आणि पीठ लवकर खवट करणारी दाण्यातली द्रव्यं निकामी होतात. आणि मुख्य म्हणजे धान्य एकदा शिजल्यासारखंच होतं. पुढे चूल पेटवावी लागत नाही.

माझी नोकरी ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या सुकवण्यात गेली. तिथे तांब्याभोवतीच्या कागदातलं पाणी अर्ध्या टक्क्याच्या खाली आणायचं असतं. त्यासाठी निर्वात भट्टीत रॉकेलसारख्या द्रवाची वाफ सोडतात. घाई केली तर कागद जळतो, आळस केला तर ओल राहते आणि दहा वर्षांनी ट्रान्सफॉर्मर फुटतो. आई सातू भाजताना नेमकं हेच सांगायची : “गॅस बारीक, हात हलता, लक्ष दाण्यावर.”

वेढा

आता बाजीरावाचं. डिसेंबर १७३७ मध्ये दिल्लीहून निघालेला निजामुल्मुल्क भोपाळला आला. पाठीशी किल्ला, शेजारी तलाव, अशी जागा धरून बसला. पेशव्यानं समोरासमोरची मोठी लढाई टाळली आणि भोवती घोडी फिरवून रसद तोडली. आत माणसांची आणि जनावरांची उपासमार सुरू झाली. जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईला तह झाला, म्हणजे आजच्या सीहोर जिल्ह्यातलं दोराहा. निजामानं माळवा, नर्मदा ते चंबळ यांच्यामधला मुलूख आणि पन्नास लाख रुपये खर्च देण्याचं कबूल केलं. माळव्यात मराठी माणसाचं घर झालं त्यात या तहाचा वाटा मोठा आहे. इंदूर, देवास, धार, उज्जैनचे आपले सगळे नातेवाईक त्या हिशोबात येतात.

ही लढाई तलवारीइतकीच धान्याची होती. एवढं म्हणायला पुरावा भरपूर आहे. ‘स्वारांच्या खोगिराला सातूच्या पिशव्या होत्या’ हे मात्र मी माझ्या पदरचं जोडलं होतं. ते मागे घेतो. बाजीरावाच्या खाण्याबद्दल लोकांत फिरते ती आख्यायिका वेगळीच आहे : चित्रकारानं त्याचं चित्र काढून नेलं, त्यात तो घोड्यावर बसून, भाला खांद्यावर टाकून, दोन्ही तळव्यांत ज्वारीची कणसं चोळून दाणे तोंडात टाकतो आहे. ग्रँट डफनं ही गोष्ट इंग्रजीत नेली. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण निदान तिच्यात ज्वारी आहे, सातू नाही!

भाड

पुस्तकं बाजूला ठेवून मी एक दिवस जुन्या भोपाळात गेलो. जुमेरातीच्या बाजूच्या एका गल्लीत अजून एक भाड चालू आहे. संस्कृतातला ‘भ्राष्ट्र’ म्हणजे भाजायचं भांडं. त्याचं झालं भाड, आणि ते चालवणारा भडभुंजा. हा शब्द मराठीतही आहे, हिंदीतही. ‘भाड़ में जाओ’ म्हणताना आपण समोरच्याला कुठे पाठवतो आहोत हे भोपाळच्या निम्म्या लोकांना माहीत नसेल. ‘अकेला चना भाड़ नहीं फोड़ सकता’ ही म्हण तर इथे नगरपालिकेच्या रांगेत उभं राहिलं की रोज ऐकू येते.

भाड चालवणारे साठीचे. मी म्हटलं, “चाचा, रेत का टेम्परेचर नाप सकता हूँ?” ते हसले. “नाप लो साहब, गरम ही निकलेगी.” मी खिशातून इन्फ्रारेड तापमापक काढला. लोखंडी कढईत काळी पडलेली वाळू. आकडा २३० ते २६० च्या मध्ये नाचत होता. त्यांनी मीठ लावलेला उकडा तांदूळ मूठभर टाकला, झाऱ्यानं दोन-तीनदा फिरवला, आणि मी दहा मोजेपर्यंत कढई पांढऱ्या कुरमुऱ्यांनी भरली. लगेच चाळणीवर. वाळू खाली, कुरमुरे वर. एक सेकंद उशीर झाला तर तपकिरी.

मी विचारलं, वाळू तापली हे कसं कळतं? त्यांनी चार दाणे टाकून दाखवले. दाणे लगेच उडाले नाहीत तर थंड, आणि उडता-उडता डागले तर जास्त गरम. माझं यंत्र सहा हजारांचं होतं.

इथे थोडं थांबून दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण आपण बोलताना त्या मिसळतो. लाह्या होतात सालासकट दाण्याच्या. भाताच्या किंवा ज्वारीच्या दाण्यात पाणी असतं, बाहेरचं कवच ते कोंडून धरतं, आत वाफेचा दाब वाढतो, आणि एका क्षणी कवच फाटतं. म्हणजे प्रत्येक दाणा हा छोटा प्रेशर कुकर, शिट्टी नसलेला. कुरमुऱ्याचं तसं नाही. त्याला कवच नसतं. तांदूळ आधी उकडून, वाळवून, आतला स्टार्च काचेसारखा घट्ट केलेला असतो. वाळूत पडताच ती काच एकदम मऊ होते, उरलेलं पाणी वाफ होऊन तिला फुगवतं, आणि ती फुगलेल्या आकारातच थिजते. पोहे तिसरेच : भात भिजवायचा, भाजायचा आणि गरम असतानाच कांडून चपटा करायचा. चपटे ओट्स याच कुळातले. तिथे आधी वाफ देतात आणि कांडण्याऐवजी रुळांमधून काढतात.

अलेक्झांडर अँडरसन नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद नळीत तांदूळ तापवून नळी एकदम फोडली आणि कुरमुरे केले. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात तर चक्क तोफांतून तांदूळ उडवून दाखवला. लोक थक्क झाले. त्याच वर्षी आपल्याकडच्या प्रत्येक बाजाराच्या गावात कोणी ना कोणी तेच काम वाळूच्या कढईत करत बसला होता. अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. पण अँडरसननं ते कसं घडतं याचा शोध घेतला, पेटंट घेतलं आणि उद्योग उभा राहिला. आपल्या भडभुंज्याला आपण ‘भाड में जा’ दिलं. चाचांची दोन्ही मुलं मोबाईलच्या दुकानात आहेत. भाडाचं पुढे काय, असं विचारलं तेव्हा ते वाळू चाळत राहिले.

फुटाण्याचं मात्र त्यांनी मन लावून सांगितलं. हरभरा एकदा तापवायचा, पाण्याचा हबका मारायचा, पोत्याखाली रात्रभर झाकून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक वाळूत घालायचा आणि गरम असतानाच फडक्यानं रगडायचा. साल सुटतं आणि डाळं निघतं. मधली ती रात्र टाळली तर डाळं दगडासारखं होतं. आमच्या कारखान्यात पोलादाला दोनदा तापवतात, त्याला आम्ही मोठमोठी नावं दिली होती.

बरखेड्यातली गल्ली

वडील सातारा जिल्ह्यातले. १९६१ मध्ये ते हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले. कंपनी १९५६ ची, ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या तांत्रिक साहाय्यानं उभी राहिलेली. १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि १९७४ मध्ये ती भेलमध्ये विलीन झाली. बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा इथे रांगेनं क्वार्टर्स बांधले गेले आणि त्यांत सगळा देश येऊन राहिला. आई १९६४ मध्ये लग्न होऊन आली, तेव्हा सामानात एक जातं होतं. आगगाडीत हमालानं त्याचे वेगळे पैसे मागितले, हे ती अजून सांगते.

आमच्या एका बाजूला बंगाली कुटुंब, त्यांची संध्याकाळ मुरीशिवाय होत नसे. दुसऱ्या बाजूला बिहारमधल्या आरा गावचं कुटुंब. तिथल्या बाईंना आम्ही चाची म्हणायचो. एका उन्हाळ्यात आईनं सातू केला आणि वाटीभर चाचींकडे पाठवला. चाचींनीही त्याच दिवशी सत्तू पाठवला. नाव एक म्हणून दोघी खूश. मग चाखल्यावर दोघींचे चेहरे बघण्यासारखे झाले! आईचा सातू म्हणजे भाजलेला गहू आणि डाळं, त्यात जिरं आणि वेलची, दूध-गुळात कालवून गोड. चाचींचा सत्तू निव्वळ हरभऱ्याचा. मीठ, कांदा, हिरवी मिरची, लिंबू. चाची म्हणाल्या, “ये तो हलवा है.” आई घरात येऊन म्हणाली, “हे तर पिठलं आहे, न शिजवलेलं.”

खरा सातू कोणाचा, यावर त्यांचं बरीच वर्षं चाललं. आता अभ्यासाअंती मला उत्तर सापडलंय, पण ऐकायला चाची नाहीत. उत्तर असं की दोघींचाही नाही. सक्तु मुळात मुख्यतः जवाचा. मराठीत तर ‘सातू’ हे जवाचंच नाव आहे. पिठाचं नाव धान्याला चिकटलं, इतकं ते पीठ त्या धान्याचं होतं. आणि मराठी मुलखात जव होता का? पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं, तेव्हा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावाचं मुख्य धान्य जवच निघालं. आज त्या भागात फिरा. ज्वारी आहे, बाजरी आहे, ऊस आहे. जव शोधून सापडायचा नाही. शेतातून धान्य गेलं, जिभेवर नाव उरलं, आणि त्या नावाच्या डब्यात बायकांनी जे हाताशी होतं ते भरलं. आपल्याकडे गहू-डाळं भरलं, बिहारात हरभरा. अमेरिकेत ग्रॅनोलाच्या नावाखाली ओट्स आणि मध भरले, तसंच.

हे सापडलं तेव्हा मला बैठकीतल्या टाळ्यांपेक्षा जास्त आनंद झाला. ‘आपल्याकडे सगळं होतंच’ म्हणणं सोपं असतं. पण एक धान्य एका अख्ख्या प्रदेशातून उठून गेलं आणि त्याचं नाव मात्र चुलीपाशी बसून राहिलं, हे कितीतरी जास्त विलक्षण आहे.

आणखी एक गोष्ट आईनं दुरुस्त केली. मी तिला म्हटलं, सातू हे आपलं पारंपरिक आरोग्यदायी अन्न. ती म्हणाली, “आरोग्य कसलं? शेतावर जाताना चूल पेटवायला वेळ नसे, जळण नसे, म्हणून सातू. पाहुणे आले की सातू लपवायचा आणि शिरा करायचा.” वारसा म्हणून जे आपण मिरवतो ते कोणाच्या तरी अडचणीतून आलेलं असतं, हे आपल्या संकेतस्थळावरच्या लेखांत (माझ्याही) फार कमी येतं.

कढईतला प्रयोग

१९९४ मध्ये केलॉग भारतात आली, तळोज्याला कारखाना घातला. त्याआधीही मोहन्सचे कॉर्नफ्लेक्स मिळायचे, पण आता जाहिराती दूरदर्शनवर होत्या. आमच्या घरी पहिला डबा आला, तेव्हा आईनं वाट्या भरल्या आणि वरून उकळतं दूध ओतलं. दुसरं दूध घरात नसायचंच! अर्ध्या मिनिटात खळ झाली. देशभर हेच झालं आणि कंपनीला ते शिकायला वेळ लागला. लाह्यांवर गरम दूध घातलं की काय होतं, हे आईला विचारलं असतं तरी चाललं असतं.

आता माझं प्रमाण लिहून ठेवतो. चार वेळा फसल्यावर हे ठरलं आहे. जाड चपटे ओट्स २०० ग्रॅम, बदाम आणि शेंगदाणे मिळून ७५ ग्रॅम, तीळ आणि जवस मिळून ४० ग्रॅम, चिमूट मीठ. किसलेला गूळ ५० ग्रॅम, दोन मोठे चमचे पाणी आणि दोन मोठे चमचे तेल एकत्र गरम करायचं. गूळ विरघळला की उतरवायचं, पाक होऊ द्यायचा नाही. कोरड्यात कालवून ताटात पातळ पसरायचं आणि १५० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं ठेवायचं. दर दहा मिनिटांनी उलथन्यानं वरखाली करायचं. ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई आणि मंद आच. तेव्हा आधी कोरडं भाजून गूळ शेवटी घालायचा, नाहीतर बुडाला लागतो. पहिल्यांदा मी १८० अंश लावले होते. गूळ काळा झाला आणि तीन दिवस घराला भाडाचा वास होता.

ज्वारीच्या लाह्या ५० ग्रॅम, पातळ पोहे मूठभर आणि डाळं मूठभर. ही मंडळी आधीच आगीतून आलेली आहेत, त्यांना पुन्हा ओव्हनमध्ये कोंडू नये. पोहे फक्त कढईत हलके करावेत. सगळं पूर्ण थंड झाल्यावरच एकत्र करायचं आणि मगच डब्यात भरायचं. दुसऱ्या खेपेला मी गरम असतानाच झाकण लावलं. सकाळी लाह्या चामड्यासारख्या. ट्रान्सफॉर्मरवाल्या माणसानं ही चूक करावी! आत कोंडलेली वाफ कोरड्या वस्तूत शिरणारच. आणि गूळ म्हणजे साखर नव्हे, असं समजू नका. डॉक्टरांनी मला वाटीचं माप घालून दिलं आहे, पन्नास ग्रॅम, वर ताक किंवा दही. करंभच म्हणा. (हे मात्र पुराव्यानिशी म्हणतो आहे.)

पाचव्या खेपेचा ग्रॅनोला चांगला जमला. सोनेरी, खुसखुशीत, हलवला की वाजणारा. आईला वाटीत दिला. तिनं एक घास चावायचा प्रयत्न केला, कवळी काढून ओट्याच्या कडेला ठेवली आणि काही न बोलता वाटी घेऊन मिक्सरकडे गेली. घुर्रकन पीठ केलं, कोमट दूध घातलं, बोटानं ढवळलं, आणि खुर्चीत बसून सावकाश खाल्लं.

“आता झाला सातू,” म्हणाली.

मी राहवून न राहवून म्हटलं, “आई, सातू म्हणजे जव. यात जव कुठे आहेत?”

“त्यात तरी कुठे होते?”